भोकरचे पान कसे टिकेल?

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या भोकर विधानसभा मतदारसंघाकडे साऱ्या राज्याचे लक्ष होते, कारण तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण तिथून उभे होते. निवडणूक ते जिंकले. नोव्हेंबरच्या अखेरीस पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की, प्रचाराच्या दिवसांत मुख्यमंत्र्यांच्या कामगिरीचे कौतुक करणारा एकच मजकूर, शब्दाला शब्द, तीन मोठ्या मराठी दैनिकांत बातमीच्या रूपात छापून आला होता. अशा कौतुकाच्या पानांवर झळकलेले ‘अशोक पर्व’ हे शब्द तेव्हापासून ‘पेड न्यूज’च्या, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या, चर्चेला चिकटले. पराभूत उमेदवार डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार नेली. पैसे देऊन काहीही छापून आणलेले नाही, अशी चव्हाण यांची भूमिका होती. ५ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक खर्चाच्या हिशेबाचा खरेपणा तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. जुलैमध्ये आयोगाने हिशेब विहित पद्धतीने दिलेला नाही असे ठरवून नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला.

हे प्रकरण राजकारणासाठी उकरून काढलेले नाही. मराठी विकिपीडियावर पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या भोकरच्या एखाद्या विद्यार्थ्याला जे नियम सगळ्यात जाचक वाटतात, ते या एका प्रकरणात लख्ख दिसतात. तीन वर्तमानपत्रांत छापून आलेला एकच मजकूर म्हणजे तीन संदर्भ का? नाही. फार तर एक. आणि तो मजकूर मुळात ज्याच्याविषयी आहे त्याच्याच बाजूने आला असेल, अशी रास्त शंका असेल तर एकही नाही. शिवाय या प्रकरणावर ज्ञानकोशात लिहायचे झाले, तर तक्रार, इन्कार, सर्वोच्च न्यायालय, आयोग आणि उच्च न्यायालय या साऱ्या पायऱ्या लिहाव्या लागतात. मधलीच एखादी पायरी उचलून लेख संपवता येत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इंग्रजी विकिपीडियाला तेव्हा दोन वर्षे उलटली होती. कोणीही यावे आणि लिहावे, हे त्याचे बळ आहे. राज्य मराठी विकास संस्थेच्या पुढाकाराने मराठी भाषा पंधरवड्यात महाविद्यालयांतून विकिपीडियाच्या कार्यशाळा झाल्या. प्राध्यापकांनी मुलांना संगणकासमोर बसवले, खाती उघडून दिली आणि ‘आपल्या गावावर लिहा’ असे सांगितले. सल्ला चांगला होता. पण पुढच्या काही दिवसांत त्या पानांवर ‘पानकाढा’ हा, पान काढून टाकावे असे सुचवणारा साचा लागतो, कुणी प्रचालक, म्हणजे देखरेखीचे अधिकार असलेला सदस्य, येऊन दोन परिच्छेद उडवतो, चढवलेला फोटो नाहीसा होतो, आणि नवा लेखक जो जातो तो परत येत नाही. त्याला वाटते, पुण्या-मुंबईच्या लोकांनी भोकरला बाहेर काढले. प्रचालकाला वाटते, आणखी एक जाहिरात आणि आणखी एक चोरीचा मजकूर पकडला. दोघांचेही पुरते खरे नसते. पण मधे कोणी समजावून सांगणारा नसला की गैरसमज घट्ट होत जातो.

दोन नियमांचा हा गुंता आहे. पहिला उल्लेखनीयतेचा, म्हणजे कोणत्या विषयावर स्वतंत्र पान असावे याचा. दुसरा प्रताधिकाराचा, म्हणजे दुसऱ्याचे लेखन किंवा चित्र कितपत वापरता येते याचा. नव्या माणसाला हे दोन्ही एकमेकांविरुद्ध वाटतात. एक म्हणतो, दुसऱ्यांनी काय लिहिले आहे ते आणून दाखव. दुसरा म्हणतो, दुसऱ्याचे लिहिलेले इथे आणू नकोस. प्रत्यक्षात दोन्ही मिळून एकच काम सांगतात: दुसऱ्यांनी लिहिलेले नीट वाच, त्यातली माहिती घे, ती कुठून घेतली ते सांग आणि वाक्य स्वतःचे लिही.

उल्लेखनीयतेचा अर्थ थोरवी असा लावला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. गावातल्या एखाद्या गुरुजींनी चाळीस वर्षे मुले घडवली, एखाद्या बाईंनी दुष्काळात चाराछावणी चालवली, तर ती माणसे थोरच आहेत. विकिपीडिया त्यांची थोरवी मोजायला बसत नाही. तो एवढेच विचारतो की, या माणसाशी नातेगोते, पगार, पक्ष वा संस्था यांचा संबंध नसलेल्या कोणी, विश्वासार्ह ठिकाणी, ओझरता उल्लेख न करता सविस्तर लिहिले आहे का? असेल तर त्या लेखनाच्या आधारे पान होते. नसेल तर पानात लिहिणार काय, आणि लिहिलेले खोटे नाही हे उद्या तपासणार कोण?

या कसोटीवर आपल्या तालुक्यातली छापील सामग्री घासून पाहिली की बरेच काही गळून पडते. वाढदिवसाची पुरवणी गळते, कारण तिच्यातल्या जाहिराती आणि लेख एकाच खिशातून आलेले असतात. संस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका संस्थेविषयी स्वतंत्र मानता येत नाही. मात्र स्थापनेचे साल, पहिले अध्यक्ष, इमारतीचे उद्घाटन अशा साध्या बाबींसाठी ती चालते. गौरवग्रंथाचे तसेच: त्यात जन्मतारीख मिळेल, मूल्यमापन मिळणार नाही. कार्यक्रमाची बातमी ‘यावेळी मान्यवर उपस्थित होते’ या वळणाची असेल आणि तिच्यात आपल्या माणसाचे नाव नावांच्या यादीत सातव्या क्रमांकावर असेल, तर तो ओझरता उल्लेख झाला. तालुका वार्ताहराने संयोजकांचे प्रसिद्धिपत्रक जसेच्या तसे पाठवले आणि ते चार दैनिकांत आले, तर ते चार संदर्भ नव्हेत. भोकरच्या त्या निवडणुकीने हेच मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले होते.

पदांबाबत रूढ निकष बराच स्पष्ट आहे. विधानसभेवर किंवा संसदेवर निवडून गेलेल्या व्यक्तीवर पान असण्याला सहसा हरकत घेतली जात नाही, कारण अशा व्यक्तीवर स्वतंत्र लेखन असतेच, असे गृहीत धरले जाते. सरपंच, पंचायत समिती सदस्य, नगरसेवक यांच्यासाठी नुसते पद पुरत नाही. त्यांच्या कामावर कोणी सविस्तर लिहिलेले असावे लागते. गावांचा निकष सैल आहे. कायद्याने मान्य असलेल्या, लोकवस्ती असलेल्या गावाला स्वतःचे पान मिळू शकते. म्हणून भोकर तालुक्यातले लहानात लहान महसुली गावही विकिपीडियावर येऊ शकते. त्याच गावातली पतसंस्था, कोचिंग क्लास किंवा गणेश मंडळ मात्र सहसा येऊ शकत नाही. ‘माझे गाव चालते, मग माझी संस्था का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. गावाची नोंद जनगणनेत, महसुली दप्तरात, नकाशांत आणि गॅझेटियरमध्ये गावाने न सांगता झालेली असते.

स्वतःवर, स्वतःच्या वडिलांवर, स्वतःच्या नेत्यावर किंवा मालकावर पान लिहू नये, असा संकेत आहे. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करण्याची अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापर-अटींत २०१४ पासून आहे. आपल्याकडे ही अट फार कमी जणांना ठाऊक आहे. निवडणुका जवळ आल्या की नेत्यांची पाने सजवण्याचे काम समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या मुलांना दिले जाते. त्यात त्या मुलांचा दोष कमी आणि काम सांगणाऱ्यांचा जास्त आहे. पण पान उडते तेव्हा खाते मुलाचे बंद होते.

हा निकष चुकतच नाही, असे मात्र मानू नये. कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले. जगाने ज्यांच्यावर लिहायला हवे होते त्यांच्यावर लिहिले नव्हते आणि ज्ञानकोशाने तीच उणीव पुढे चालवली. वर्तमानपत्रे आणि पुस्तके ज्यांच्याकडे पाहत नाहीत ते ज्ञानकोशातही येत नाहीत. स्त्रिया, भटक्या जमाती, खेडी, आणि आपल्या बाबतीत सबंध मराठवाडा.

मराठवाड्याची अडचण इतिहासातून आलेली आहे आणि तिच्यावर थोडे थांबायला हवे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, उच्च शिक्षणाचे माध्यम उस्मानिया विद्यापीठात उर्दू होते. पुण्यात दैनिके, मासिके, संशोधन मंडळे आणि चरित्रे यांची रेलचेल होती तेव्हा नांदेड, भोकर, हदगाव या भागात मराठी छापखाना आणि मराठी वृत्तपत्र यांना फारसा वावच नव्हता. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे पुण्याच्या एखाद्या दुय्यम कवीवर एकोणिसाव्या शतकातले पाच लेख मिळतात आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेल्या भोकर भागातल्या कार्यकर्त्यावर पाच ओळी मिळत नाहीत. दोघांना एकच निकष लावला तर पुण्याचा कवी आत येतो. निकष समान, संदर्भ असमान.

यावर उपाय निकष सैल करणे हा नाही, असे माझे ठाम मत आहे. निकष सैल केला की स्वातंत्र्यसैनिकाच्या आधी वाढदिवसवाले आत शिरतील, कारण फ्लेक्स आणि पुरवण्या त्यांच्याकडे तयार असतात. उपाय संदर्भांचा शोध रुंद करण्यात आहे. विकिपीडियावर संदर्भ मराठीतच हवा असा नियम नाही. उर्दू चालतो, तेलुगू चालतो, इंग्रजी चालतो. भोकर तेलंगणाच्या सीमेजवळ आहे, इथल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, जुन्या पिढीला उर्दू वाचता येत होती. हैदराबाद संस्थानातली जनगणना, संस्थानाचे अहवाल, उर्दू वृत्तपत्रांतल्या नोंदी वाचू शकणारा एखादा माणूस मराठी विकिपीडियाला मिळाला, तर दहा नव्या खात्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी, अनंत भालेराव यांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचा ग्रंथ, १९७१ मध्ये निघालेले नांदेड जिल्ह्याचे गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका हे तर हाताशी असलेले संदर्भ. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासह अनेक विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर वाचता येतात. प्रबंधांचा दर्जा एकसारखा नसतो, पण ज्यात मूळ कागदपत्रे पाहिल्याचे दिसते असा प्रबंध तालुक्याच्या इतिहासासाठी सोन्यासारखा असतो.

तोंडी परंपरेचे काय? भोकर, हिमायतनगर, किनवट पट्ट्यात बंजारा तांडे आहेत. त्यांची गाणी, तांड्याची न्यायपद्धत, नायकाचे स्थान यांविषयी सांगणारी माणसे आहेत, पुस्तके थोडी. २०११ मध्ये संशोधक अचल प्रभला यांनी ‘तोंडी संदर्भ’ हा प्रयोग भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत करून पाहिला: जाणत्या माणसाची मुलाखत ध्वनिमुद्रित करायची आणि ती मुद्रिका संदर्भ म्हणून द्यायची. विकिपीडियाने हा मार्ग सर्वसाधारण नियम म्हणून स्वीकारला नाही. मला वाटते, त्यामागची शंका समजण्यासारखी आहे. सांगणाऱ्याची उलटतपासणी कोण करणार? पण हेच काम विद्यापीठातल्या अभ्यासकाने केले, दहा तांड्यांत फिरून माहिती पडताळली आणि ती छापली, की तो पक्का संदर्भ होतो. तेव्हा तांड्यातल्या मुलाने विकिपीडियावर भांडण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या मराठी किंवा समाजशास्त्र विभागाचे दार ठोठावावे.

आता प्रताधिकार. भारतातला कायदा १९५७ चा आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे त्याच्या लेखनावर त्याचा व वारसांचा हक्क असतो. नोंदणी लागत नाही, ‘सर्व हक्क राखीव’ असे छापलेले असावे लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा निनावी मजकूरही कोणाचा तरी असतो. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळणे आणि नक्कल करायला मोकळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड आज घरबसल्या वाचता येतात, बालभारतीची पुस्तके उतरवून घेता येतात, पण त्यांतला परिच्छेद उचलून विकिपीडियावर चिकटवता येत नाही. गॅझेटियरही सरकारने काढले म्हणून जनतेचे झाले असे नाही. सरकारी प्रकाशनाला प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण आहे, म्हणजे १९७१ चे नांदेड गॅझेटियर १ जानेवारी २०३२ ला मोकळे होईल. राजपत्रातल्या अधिसूचना, न्यायालयांचे निकाल आणि विधिमंडळात मांडलेले समित्यांचे अहवाल यांना मात्र कायद्यानेच सवलत आहे.

हा हिशेब आपल्या भागातल्या नावांवर करून पाहिला तर लगेच कळतो. भोकरला लागून उमरी तालुका आहे आणि त्यातल्या गोरट्याला संतकवी दासगणू महाराजांची समाधी आहे. दासगणू २६ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले. १९६३ पासून ६० वर्षे मोजली की २०२२ संपते, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०२३ पासून सर्वांसाठी मोकळे झाले आहे. त्यांच्या रचना मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात पानापानाने चढवता येतात. फक्त नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टीपा आणि चित्रे दुसऱ्यांची असतात, ती वगळायची. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेले काही असेल तर त्याची ६० वर्षे त्या प्रकाशनापासून धरायची. स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्ये गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०३३ ला मोकळे होईल, मात्र कोणी केलेल्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क राहील. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०४३ उजाडावे लागेल. अनंत भालेरावांसाठी २०५२. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश केव्हाच मोकळा आहे, कारण श्रीधर व्यंकटेश केतकर १९३७ मध्ये गेले. पण १९२० च्या दशकातली त्यातली माहिती आजची म्हणून देऊ नये. प्रताधिकार संपल्याने माहिती ताजी होत नाही.

कुरुंदकरांचा निबंध २०४३ पर्यंत वापरायचाच नाही का? वापरायचा. प्रताधिकार शब्दरचनेला असतो, माहितीला आणि कल्पनेला नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला आहे. कुरुंदकरांचे मत आपल्या शब्दांत थोडक्यात सांगावे, ते त्यांचे आहे असे नाव घेऊन सांगावे, ग्रंथ आणि पृष्ठ द्यावे. नेमके शब्दच महत्त्वाचे असतील तर एखाद-दुसरे वाक्य अवतरणचिन्हांत द्यावे. एवढ्याने काम भागते.

‘आपल्या शब्दांत’ म्हणजे काय हे मात्र एका उदाहरणाने पाहावे लागेल, कारण नव्वद टक्के भांडणे इथेच होत असावीत. समजा, एका स्मरणिकेत वाक्य आहे: ‘निसर्गरम्य परिसरात वसलेल्या या गावात दरवर्षी चैत्र महिन्यात भव्य यात्रा भरते व पंचक्रोशीतील हजारो भाविक मोठ्या श्रद्धेने दर्शनासाठी येतात.’ विद्यार्थी ते असे बदलतो: ‘सुंदर परिसरात असलेल्या या गावात प्रत्येक वर्षी चैत्रात मोठी यात्रा भरते आणि आसपासचे हजारो भक्त श्रद्धेने दर्शनाला येतात.’ नऊ-दहा शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा, क्रम आणि कौतुकाचा सूर सगळे तेच राहिले. ही नक्कलच आहे. या वाक्यात खरी माहिती किती? गावात चैत्रात यात्रा भरते, एवढीच. मग तेवढेच लिहावे: ‘गावात चैत्र महिन्यात यात्रा भरते’, आणि पुढे संदर्भ द्यावा. ‘हजारो’ हा आकडा कोणी मोजला, हे स्मरणिका सांगत नसेल तर तो गाळावा. यात्रेला शंभर वर्षांची परंपरा असल्याचे दुसऱ्या ग्रंथात मिळाले तर पुढचे वाक्य त्यातून येईल. दोन-तीन ठिकाणची माहिती एकत्र विणली की शब्द आपोआप आपले होतात. एकच पुस्तक समोर उघडे ठेवून लिहिणाऱ्याचे कधीच होत नाहीत. आणि गंमत म्हणजे ‘निसर्गरम्य’, ‘भव्य’, ‘मोठ्या श्रद्धेने’ हे गाळल्याने प्रताधिकाराचा प्रश्न सुटतो तसा लेखाचा जाहिरातीचा सूरही जातो.

छायाचित्रांत चुका जास्त होतात आणि त्या नकळत होतात. विकिपीडियावरचा मजकूर आणि विकिमीडिया कॉमन्स या चित्रसंग्रहावरची चित्रे अशा परवान्याने दिली जातात की कोणीही ती वापरावीत, बदलावीत, व्यापारासाठीसुद्धा घ्यावीत. नाव द्यावे आणि अटी पाळाव्यात एवढेच. त्यामुळे ‘शैक्षणिक कामासाठी वापरायला हरकत नाही’ अशी परवानगी पुरत नाही. फेसबुकवरून उतरवलेला फोटो चढवताना ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ या चौकोनावर खूण करणे म्हणजे खोटे निवेदन आहे, आणि ही खूण नवी मुले बेधडक करतात, कारण त्यांना फोटो स्वतःच्या मोबाईलमध्ये असणे पुरेसे वाटते. फोटो ज्याने काढला त्याचा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा, अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. पण मग त्या हक्कदाराने स्वतः ईमेलने लेखी परवानगी पाठवावी लागते. चौकातल्या पुतळ्याचा आणि देवळाचा फोटो स्वतः काढून चढवायला कायद्याची आडकाठी नाही, कारण सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाला आणि वास्तूला ही सूट आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला आणि फ्लेक्सवरच्या रचनेला ती नाही. भोकरचे रेल्वे स्थानक, बाजारपेठ, शेतातला कापूस आणि सोयाबीन, जुना वाडा, बारव यांचे फोटो स्वतः काढले की एकही प्रश्न उरत नाही. म्हणून मी नव्या माणसाला सुरुवात फोटोपासूनच करायला सांगेन.

भाषांतराचाही एक नियम आहे आणि तो जुन्याजाणत्यांकडूनही राहून जातो. इंग्रजी विकिपीडियावरचा लेख मराठीत आणायला पूर्ण मुभा आहे, पण तो तिथून आणला हे बदलाच्या सारांशात दुव्यासह लिहावे लागते. मूळ लेखकांचे श्रेय देणे ही परवान्याची अट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने लिहून दिलेल्या मजकुराचा धोका आणखी वेगळा आहे. तो गावावर सफाईदार चार परिच्छेद देतो आणि खाली अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ देतो. इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये अशी न तपासलेली यंत्रलिखित पाने थेट काढून टाकण्याचा निकष केला. मराठीत संदर्भ तपासणारे हात थोडे आहेत, म्हणून लिहिणाऱ्याने जास्त जपायला हवे. जे पुस्तक हातात घेऊन पाहिलेले नाही त्याचा संदर्भ देऊ नये.

मग भोकरच्या नव्या लेखकाने लिहायचे कशावर? नेत्याच्या चरित्रापासून सुरुवात करू नये. तो विषय सगळ्यात निसरडा. महाराष्ट्रातल्या हजारो गावांची पाने मराठी विकिपीडियावर आधीच आहेत, पण त्यांतली कितीतरी नुसता सांगाडा आहेत: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी शीर्षके आणि खाली रिकामी जागा. तिथे उल्लेखनीयतेचा वाद येतच नाही. जनगणना पुस्तिकेतून लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय आणावी, वर्ष लिहावे, दुवा द्यावा. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरच्या स्थानकांची माहिती नीट करावी. भोकर नावाची गावे इतर जिल्ह्यांतही आहेत आणि त्याच नावाचे झाड आहे, ज्याच्या फळांचे लोणचे घालतात. तेव्हा हाती आलेला संदर्भ आपल्याच भोकरचा आहे ना, हे पाहून घ्यावे. नवे पान करायचेच असेल तर ते आधी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, लिहावे, चर्चा पानावर किंवा चावडी या सर्वांच्या चर्चेच्या पानावर जुन्या सदस्यांना दाखवावे. ‘पानकाढा’ लागलाच तर चिडून साचा पुसू नये. चर्चा पानावर जाऊन ‘हे तीन स्वतंत्र संदर्भ आहेत’ असे दाखवावे. संदर्भ चांगला असेल तर पान वाचते.

प्रचालकांकडूनही अपेक्षा आहे. खेड्यातून आलेल्या मुलाच्या पानावर नुसता साचा डकवून पुढे जाऊ नये. दोन ओळी मराठीत लिहाव्यात: कोणते वाक्य कुठून उचललेले दिसले, कोणता संदर्भ का पुरत नाही. मोजके लोक फावल्या वेळात, एक पैसाही न घेता हे काम करतात याची मला जाणीव आहे. तरीही मराठवाड्यातून आलेला एक टिकाऊ लेखक गमावणे मराठी विकिपीडियाला परवडणारे नाही.

सगळ्यात निकडीचे काम विकिपीडियाच्या बाहेर आहे. तालुक्याच्या वाचनालयांत जुन्या दैनिकांच्या फायली असतात. नांदेडच्या ‘प्रजावाणी’सारख्या स्थानिक दैनिकांत आपल्या भागाविषयी जे आले ते दुसरीकडे कुठे मिळणार? जागा अपुरी पडली की या फायली रद्दीत निघतात, आणि एकदा निघाल्या की ज्या माणसांवर त्यांत लिहिले गेले त्यांच्या पानाचा आधार कायमचा जातो. अंक चढवता येणार नाहीत, त्यांवर प्रताधिकार आहे. पण वृत्तपत्राचे नाव, तारीख, पान क्रमांक, मथळा आणि बातमी कशाविषयी आहे याची एक ओळ, एवढी सूची करायला कोणाची परवानगी लागत नाही. महाविद्यालयातल्या दहा मुलांनी आलटून-पालटून ग्रंथपालांच्या मदतीने १९६० नंतरचा एकेक वर्षाचा गठ्ठा वाटून घ्यावा, आणि सूचीची एक प्रत वाचनालयात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी.